घर विकायला काढलं की सिटीला ते दिसतं

आमच्या विकलेल्या घराचं क्लोजिंग, म्हणजे ते घेणाऱ्याच्या नावावर करून देण्याचा शेवटचा व्यवहार, झालं त्या दिवशी बाहेर उणे नऊ तापमान होतं आणि आमचे 11,400 डॉलर मागच्या गराजच्या रंगापायी एस्क्रोत, म्हणजे तिऱ्हाईताकडे राखून ठेवायच्या खात्यात, अडकले होते. गराजच्या उत्तरेकडच्या भिंतीला पोपडे आलेत, असं सिटीच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, इन्स्पेक्टरने लिहिलं होतं. आले होतेच, त्याबद्दल माझा वाद नाही. शिवाय मेपलच्या मुळांनी घरासमोरच्या फुटपाथच्या दोन लाद्या उचलल्या होत्या. पण ईशान्य ओहायोत जानेवारीत बाहेरच्या लाकडावर रंग धरत नाही, आणि काँक्रीट ओतलं तर घट्ट व्हायच्या आधीच गोठतं. दोन्ही कामांचा मिळून अंदाज 7,600 डॉलर. आमच्या उपनगराचा नियम असा, की काम राहिलं असेल तर अंदाजाच्या दीडपट रक्कम बाजूला ठेवा आणि मगच घर दुसऱ्याच्या नावावर करा. ठेवली. त्या घरात आम्ही 26 वर्षं राहिलो. त्यातली निदान सहा-सात वर्षं ती भिंत अशीच पोपडे धरून उभी होती, आणि सिटीला तिचं काही पडलेलं नव्हतं. 'फॉर सेल'ची पाटी लागली आणि पडलं.

उपनगराचं नाव मुद्दामच देत नाही. तिथली माणसं सभ्य होती आणि नियम काही त्या इन्स्पेक्टरने केलेला नव्हता. माझं भांडण नियमाशी आहे.

या प्रकाराला इथे 'पॉइंट ऑफ सेल इन्स्पेक्शन' म्हणतात. तो अमेरिकेत सगळीकडे नाही. गावोगावच्या सिटी आपापल्या हद्दीपुरता तसा नियम करतात. क्लीव्हलँडच्या पूर्वेकडच्या शेकर हाइट्स, क्लीव्हलँड हाइट्स अशा जुन्या उपनगरांत तो कित्येक दशकं चालत आलाय. शिकागोच्या दक्षिणेला कॅल्युमेट सिटीत होता, तो थेट फेडरल कोर्टापर्यंत गेला. मिनियापोलिस आणि सेंट पॉलमध्ये त्याचा वेगळा, सौम्य अवतार आहे. त्याच्याकडे नंतर येतो. आमच्याकडची रीत अशी: घर बाजारात आणायच्या आधी सिटीकडे अर्ज करायचा, फी भरायची, इन्स्पेक्टर येऊन तळघरापासून माळ्यापर्यंत घर बघतो आणि दोषांची यादी हातात ठेवतो. ती कामं तुम्ही करा, नाहीतर घेणाऱ्याने करायचं लिहून द्या आणि पैसे एस्क्रोत टाका. सिटीचा कागद नसेल तर क्लोजिंग पुढे सरकत नाही.

आमच्याकडे आलेला इन्स्पेक्टर साठीचा, शांत माणूस होता. बुटांवर निळी प्लास्टिकची पिशवी चढवून आत आला. बायको मला हळूच म्हणाली, "अहो, यांना चहा विचारायचा का?" विचारला, नको म्हणाला. बेसमेंटमध्ये कपडे धुण्याच्या सिंकपाशी तो बराच वेळ थांबला. त्या नळाच्या तोंडाला आटे होते. आटे आहेत म्हणजे त्याला होजपाइप लावता येतो, पाइपचं टोक बादलीत बुडलेलं असताना मेन लाइनचा दाब पडला तर बादलीतलं पाणी उलटं ओढलं जाऊन पिण्याच्या पाण्यात मिसळू शकतं, सबब तिथे व्हॅक्यूम ब्रेकर बसवा. बारा डॉलरची पितळी टोपी. 26 वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि ते ऐकून मला खरंच बरं वाटलं. अशा गोष्टी शेजाऱ्यालाही सांगाव्यात.

मग तो वर गेला. माळ्यावर जायची झडप जिन्यावरच्या कपाटात आहे, आणि त्याच कपाटात आमचं देवघर. त्याने दार उघडलं. आत गणपती, बाळकृष्ण, सासूबाईंनी दिलेली अन्नपूर्णा, समोर सकाळचं निरांजन. तो एक पाऊल मागे सरला, "सॉरी" म्हणाला, आणि मग विचारलं, इथे उघडी ज्योत लावता का? लावतो म्हणालो. त्याने टॅबलेटवर फोटो काढला. बायको काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "आपल्या देवांचा फोटो आता सिटीच्या फायलीत." यादीत एकूण 17 गोष्टी होत्या. देवघराचा उल्लेख नव्हता, एवढं त्या माणसाच्या भलेपणाबद्दल नोंदवून ठेवतो.

आता माझं म्हणणं. घराची तपासणी करू नये असं मी म्हणत नाही. शंभर वर्षांची लाकडी घरं, जुनी वायरिंग, विटांची धुराडी; हे बघायलाच हवं. प्रश्न 'केव्हा' हा आहे. घर धोकादायक केव्हा होतं याचा ते विकायला काढण्याशी काडीचाही संबंध नसतो. विक्रीच्या वेळी बदलते ती मालकाची अवस्था. नव्या गावी नोकरीवर हजर व्हायची तारीख ठरलेली असते, किंवा नवरा गेलेला असतो, किंवा घटस्फोटाचा हुकूम हातात असतो. ट्रक ठरलेला असतो. घेणाऱ्याला बँकेने व्याजाचा दर 45 दिवसांपुरता बांधून दिलेला असतो. अशा वेळी त्याच्यापुढे कुठलाही कागद सरकवा, तो सही करतो. अडला हरी काय करतो ते आपल्याला माहीत आहे. सिटीने तपासणीसाठी नेमकी हीच वेळ निवडावी, हा योगायोग नाही. नोटीस पाठवणं, पाठपुरावा, कोर्टात जाणं यात पैसा जातो, माणसं लागतात, मतदार चिडतात. विकणारा मात्र गाव सोडून चाललेला असतो, पुढच्या निवडणुकीत त्याचं मत नसतं.

याला मराठीत अचूक शब्द आहे: अडवणूक. मुंबई-पुण्यात फ्लॅट विकलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही. सभासदाने फ्लॅट विकायला काढेपर्यंत सोसायटीचं त्याच्याशी काही भांडण नसतं. एनओसी मागायला गेला की 2009 सालची गळती, बाल्कनीला लावलेली ग्रिल, पार्किंगचा वाद, सगळं टेबलावर येतं. हस्तांतर प्रीमियम महापालिका क्षेत्रात 25,000 रुपयांहून जास्त घेता येत नाही, हे सरकारने 2001 मध्येच सांगितलं. तरी 'स्वेच्छा देणगी' नावाचा प्रकार कुणाला ऐकून माहीत नाही? माझ्या धाकट्या भावाने डोंबिवलीचा फ्लॅट विकताना अशी 'स्वेच्छा' दाखवली होती. मी फोनवर त्याला अमेरिकेत असलं काही चालत नाही, असं मोठ्या तोऱ्यात सुनावलं होतं. ते शब्द मी आता परत घेतले आहेत.

सुरक्षेसाठीच हे करायचं असेल तर घराचं वय बघा. फ्लोरिडातल्या सर्फसाइडची चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही बारा मजली इमारत 24 जून 2021 च्या पहाटे कोसळली आणि 98 माणसं गेली. ती 1981 ची. तिथल्या काउंटीचा नियम चाळीस वर्षांनी फेरतपासणीचा होता आणि ती तपासणी तोंडावर आली होती. स्लॅबच्या काँक्रीटची गंभीर झीज झाल्याचं इंजिनिअरने 2018 मध्येच लिहून ठेवलं होतं. रहिवाशांत दुरुस्तीच्या खर्चावरून घोळ चालू होता. त्यानंतर 2022 मध्ये फ्लोरिडाने राज्यभरासाठी कायदा केला: तीन किंवा अधिक मजल्यांच्या कॉन्डो (मालकीच्या फ्लॅटच्या) इमारतीला 30 वर्षं झाली की तपासणी, पुढे दर दहा वर्षांनी. कुणी फ्लॅट विको न विको. मुंबई महापालिकेच्या कायद्यातही 30 वर्षांपुढच्या इमारतीची नोंदणीकृत इंजिनिअरकडून पाहणी करून घेण्याची सक्ती आहे, ती अशीच वयावर बेतलेली. आपल्याकडे तिचं पुष्कळदा कागदी घोडं होतं, आणि सी-1, म्हणजे अतिधोकादायक, अशी नोटीस लागलेल्या इमारतीत माणसं पावसाळा काढतात, हे खरंच. पण नियमाचा रोख तरी धोक्याकडे आहे.

आमच्या गल्लीत आमच्या उजव्या हाताला एक कुटुंब 44 वर्षं राहतंय. त्यांच्या धुराडीच्या विटा दरवर्षी एक-दोन करत आमच्या ड्राइव्हवेवर पडायच्या. त्या घरात 44 वर्षांत सिटीचा माणूस शिरलेला नाही, कारण त्यांनी ते विकायला काढलेलं नाही. डाव्या हाताचं घर आठ वर्षांत तीनदा विकलं गेलं आणि तीनदा तपासलं गेलं. दुसऱ्या खेपेच्या इन्स्पेक्टरने पास केलेला जिन्याचा कठडा तिसऱ्याने दोन इंच बुटका ठरवला. कोपऱ्यावरचं भाड्याचं घर एका एलएलसीच्या, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या खासगी कंपनीच्या, नावावर आहे. एलएलसीचे मालक बदलले तरी खरेदीखत होत नाही, घराच्या कागदावर नाव तेच राहतं. विक्री झालीच नाही म्हणजे विक्रीची तपासणीही नाही. राहत्या घराचा साधा मालक एवढा हुशार नसतो.

आता दुसरी बाजू, आणि ती पोकळ नाही. 2007-08 च्या सुमारास क्लीव्हलँडवर जे आलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कर्जं बुडाली, बँकांनी घरं ताब्यात घेतली; स्लाव्हिक व्हिलेज या वस्तीचं नाव तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. मेपल हाइट्स, गारफिल्ड हाइट्स अशा कष्टकऱ्यांच्या उपनगरांतही रस्त्यामागून रस्ते रिकामे झाले. रिकाम्या घरातले तांब्याचे पाइप चोर एका रात्रीत उपटून नेत. मग बँका ती घरं गठ्ठ्याने विकू लागल्या. काही हजार डॉलरला एक, न बघता, दुसऱ्या राज्यातल्या कंपन्यांना. त्या कंपन्या नुसता रंगाचा हात फिरवून ती पुढे विकत किंवा तशीच भाड्याने देत. छोट्या उपनगरांकडे ना वकिलांची फौज होती ना पैसा. त्यांना हाताशी असलेलं एकच फाटक दिसलं: घर हातोहात जाताना अडवा. त्या काळात मी स्वतः या नियमाच्या बाजूने बोललोय.

पण या फाटकात अडकलं कोण, ते बघा. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंची आई अशाच एका उपनगरात राहायची. 1948 चा बंगला, मागे छोटं अंगण. त्या भागात तसं घर 70,000 डॉलरच्या आसपास जायचं. म्हातारीला मुलीकडे न्यायचं ठरलं. सिटीची यादी निघाली 18,000 डॉलरची: ड्राइव्हवे, गराजचं छप्पर, इलेक्ट्रिक पॅनेल, पाच खिडक्या. दीडपट म्हणजे 27,000 बाजूला ठेवायचे. ज्या तरुण जोडप्याला घर आवडलं होतं त्यांच्या सरकारी हमीच्या कर्जात एवढ्याला जागा नव्हती. आईच्या खात्यात तर मुळीच नव्हते. तीन महिन्यांनी घर 38,000 ला गेलं. घेणारा रोखीवाला, सगळ्या दोषांसकट, सिटीला सगळं करतो असं लिहून देऊन. आज ते भाड्याने दिलेलं आहे. घेणाऱ्याकडे वकील आहे, सिटीच्या तारखा पुढे ढकलायची त्याला सवय आहे, आणि अशी त्याची आणखी पुष्कळ घरं आहेत. ज्याला अडवायचं म्हणून नियम केला त्याच्याच झोळीत घर पडलं, आणि वर निम्म्या किमतीत. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

सट्टेबाजांना धरता येतं, पण त्यांनाच धरावं लागतं. क्लीव्हलँडच्या हाउसिंग कोर्टाचे न्यायाधीश रेमंड पियांका 1996 पासून 2017 मध्ये वारले तोवर त्या खुर्चीत होते. परराज्यातल्या कंपन्या समन्सला भीक घालत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी हजर न होणाऱ्या मालकांवर दिवसागणिक दंड चढवायला सुरुवात केली. आणि घरांची हेळसांड करणारी बँक कोर्टात दाद मागायला आली, तर तिला आधी स्वतःचे हात धुऊन या असं सांगितलं. क्लीव्हलँड शहराने 2024 मध्ये 'रेसिडेंट्स फर्स्ट' नावाने नियमांचा गठ्ठा मंजूर केला. घराचा मालक काउंटीबाहेरचा असेल तर त्याने इथे राहणारा एक जबाबदार माणूस नेमायचा, ज्याच्यावर खटला भरता येईल. रिकाम्या घरांची वेगळी नोंदणी. हे करायला मेहनत लागते. पण त्यात 81 वर्षांच्या विधवेला मध्ये घ्यावं लागत नाही.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत या प्रश्नाचं मूळ उंदरांपाशी सापडतं. बाल्टिमोरमध्ये उंदीर शोधत आलेल्या आरोग्य निरीक्षकाला एका घरमालकाने वॉरंटशिवाय आत येऊ दिलं नाही. त्याला 20 डॉलर दंड झाला आणि सुप्रीम कोर्टाने 1959 मध्ये एका मताच्या फरकाने तो कायम केला. आठ वर्षांनी, जून 1967 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या कमारा खटल्यात त्याच कोर्टाने तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी लिहिलेल्या त्या निकालाचं सार असं: हाउसिंग इन्स्पेक्टर असला तरी तो सरकारचाच माणूस, राहणाऱ्याने नाही म्हटलं तर त्याने वॉरंट आणावं. मात्र त्यासाठी प्रत्येक घराविरुद्ध पुरावा लागणार नाही. वस्तीची अवस्था, इमारतीचा प्रकार, मागच्या तपासणीला किती काळ लोटला, एवढ्यावर मिळेल. म्हणजे शहरांना वयाप्रमाणे, वस्तीप्रमाणे पद्धतशीर तपासणी करायची वाट कोर्टाने 1967 मध्येच आखून दिली होती. पुष्कळ सिटींनी ती सोडून विक्रीच्या फाटकाशी ठाण मांडलं.

ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने 1976 मध्ये सिनसिनाटीचा असा नियम फेटाळला. विकायचं असेल तर वॉरंटशिवाय आत येऊ द्या, नाहीतर शिक्षा भोगा, ही निवड घटनेला धरून नाही, असं कोर्ट म्हणालं. तरी डेटनजवळच्या ओकवूडमध्ये जवळपास तसाच नियम चालू राहिला. तो फेडरल कोर्टाने 2018 मध्ये चौथ्या घटनादुरुस्तीशी, म्हणजे सरकारच्या अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या कलमाशी, विसंगत ठरवला. उलट कॅल्युमेट सिटीचा नियम 2009 मध्ये टिकला. न्यायाधीश रिचर्ड पोझनर यांनी तो उचलून धरला, कारण तिथे मालकाने नकार दिला तर सिटीने कोर्टात जाऊन वॉरंट आणायची तरतूद होती. तेव्हा असे नियम मुळातूनच बेकायदा आहेत असं मी म्हणणार नाही. कुणी म्हणत असेल तर तो निकाल पुरता वाचत नाही.

पण आमच्या अर्जावरची ती ओळ मला आठवते: मी स्वेच्छेने परवानगी देत आहे, आणि मला नकार देण्याचा हक्क आहे हे मला समजलं आहे. आमच्या रिअल्टर बाईंना, म्हणजे घर विकून देणाऱ्या एजंटला, मी विचारलं, दिला नकार तर? त्या म्हणाल्या, द्या की. सिटी वॉरंटला अर्ज करेल, दोन-तीन आठवडे जातील, तोवर तुमच्या घेणाऱ्याचा व्याजदर सुटेल. मी सही केली. डोंबिवलीच्या स्वेच्छेत आणि या स्वेच्छेत मला फरक सापडला नाही.

आणि एवढं करून सिटी जबाबदारी कशाची घेते? आमच्या यादीत नळाचे आटे होते, कठडा होता, फुटपाथच्या लाद्या होत्या. नंतर घेणाऱ्याने स्वतःच्या पैशाने बोलावलेल्या खासगी इन्स्पेक्टरने गटाराच्या पाइपात कॅमेरा सोडला. घरापासून रस्त्यापर्यंतचा भाजक्या मातीचा जुना पाइप अंगणाखाली दोन जागी फुटला होता आणि मेपलची मुळं आत शिरून केसांसारखी पसरली होती. पडद्यावर ते बघताना मलाच कसंतरी झालं. त्या एका कामाला 6,800 डॉलर पडले. आम्ही किमतीतून वळते करून दिले. सिटीच्या 17 कलमांत त्याचा पत्ता नव्हता, कारण त्यांचा माणूस गटार बघतच नाही. समजा त्याने पाहिलं असतं आणि चुकीचं पास केलं असतं, तरी घेणाऱ्याला सिटीकडून काही मिळालं नसतं. इमारतींची तपासणी हे ओहायोच्या कायद्यात सरकारी काम धरलं आहे आणि त्यातल्या चुकीसाठी सिटीवर सहसा दावा लागत नाही. खासगी इन्स्पेक्टर चुकला तर निदान त्याचं नाव खराब होतं, त्याच्याशी करार असतो. सिटीच्या शिक्क्याने मात्र नव्या घेणाऱ्याला उगाच धीर येतो.

कुणी म्हणेल, 2021 सारख्या तेजीत लोक खासगी तपासणी सोडून देऊन ऑफर टाकत होते, तेव्हा सिटीची तपासणी हाच आधार नव्हता का? मुद्दा रास्त आहे. मॅसॅच्युसेट्सने त्यावर उपाय काढला तो मला पटतो. तिथे 2024 च्या कायद्याने आणि त्यावरच्या नियमांनी, तपासणी सोडतो असं आधीच कबूल करणाऱ्यालाच घर देईन, ही विकणाऱ्याची अटच बंद केली. तपासायचं की नाही हे घेणाऱ्याने ठरवायचं, पण तो हक्क त्याच्याकडून हिसकायचा नाही. शिशाच्या रंगाबद्दलचा केंद्राचा कायदाही याच वळणाचा आहे. घर 1978 च्या आधीचं असेल तर विकणाऱ्याने ठाऊक आहे ते सांगायचं, पत्रक द्यायचं, आणि घेणाऱ्याला तपासायला दहा दिवस द्यायचे. शिसं निघालं म्हणून सरकार विक्री रोखत नाही. आणि शिसं काही आमच्या गराजच्या पोपड्यांइतकं निरुपद्रवी नाही. मुलांच्या मेंदूवर जातं ते.

सेंट पॉलमध्ये घर विकताना मालक स्वतः निवडलेल्या परवानाधारक माणसाकडून अहवाल करून घेतो आणि तो बघायला येणाऱ्यांसमोर ठेवतो. धुराचा अलार्म सोडला तर बाकी दोष सांगायचे, दुरुस्त करायची सक्ती नाही. पेन्सिल्व्हेनियाने तर राज्याच्या पातळीवर सिटींना वेसण घातली: 2000 चा कायदा, 2016 ची दुरुस्ती. दोष निघाले तरी सिटीने तात्पुरता दाखला द्यायचा, विक्री होऊ द्यायची, आणि घेणाऱ्याला ते काढायला बारा महिने द्यायचे. ओहायोने एवढं जरी केलं असतं तरी माझ्याबरोबर काम करणाऱ्या त्या बाईंच्या आईचं घर त्या तरुण जोडप्याला मिळालं असतं. दोघंही हाताने कामं करणारी होती. खिडक्या एकेक करून त्यांनीच बसवल्या असत्या.

आता मुलीजवळ, न्यू जर्सीत राहायला आलोय. इथेही विक्रीच्या वेळी राज्याच्या फायर कोडप्रमाणे एक दाखला लागतो: धुराचे अलार्म, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि स्वयंपाकघराजवळ आग विझवायचं नळकांडं. एडिसनमधल्या आपल्या मंडळींत घर विकलेला कुणीही भेटला तर त्या नळकांड्याची गोष्ट सांगतो. इन्स्पेक्टर दहा-पंधरा मिनिटांत जातो. या तीन गोष्टी नवा माणूस पहिल्याच रात्री तिथे झोपणार म्हणून हव्यात, दुकानात शंभर-दीडशे डॉलरमध्ये मिळतात, आणि कपाटं उघडावी लागत नाहीत. तत्त्वाला धरून मी या तपासणीलाही विरोध करायला हवा, हे मला कळतं. करवत नाही. धूर कुठल्याही घरात शिरतो आणि अलार्मची बॅटरी काढून टीव्हीच्या रिमोटला लावणारे गृहस्थ मी पाहिलेत. एक तर आरशात दिसतात.

एप्रिलअखेर आमच्या जुन्या उपनगरात दिवस उबदार झाले. मी इथून फोनवर रंगारी ठरवला, काँक्रीटवाला ठरवला. गराज खरवडून, प्रायमर मारून, दोन हात देऊन झालं, लाद्या बसल्या. रंगाऱ्याने फोटो पाठवले, भिंत अशी देखणी आमच्या 26 वर्षांत कधी दिसली नव्हती. फेरतपासणीला इन्स्पेक्टर तोच गेला, पास केलं, आणि जूनमध्ये एस्क्रोतले उरलेले पैसे चेकने आले. ऑगस्टमध्ये उजव्या हाताच्या शेजाऱ्याचा फोन आला, तोच विटांवाला. नव्या मालकांना दोन गाड्यांचं, चार्जर असलेलं गराज हवं होतं. जुनं त्यांनी पाडलं. पाडायचा परवाना सिटीने चार दिवसांत दिला, म्हणाला.